गोड्या बावीचं पाणी

जयवंतीच्या हाताला मीठ कळतं, असं खाडीकाठचं सगळं गाव म्हणायचं. गावात लग्न असो की बारसं, कालवणाच्या टोपात मीठ टाकायला तिलाच बोलावणं जाई. ती पदर खोचून यायची, मुठीत खडे मीठ घ्यायची, टोपाकडे एकदा नीट बघायची आणि टाकून मोकळी व्हायची. चाखायची नाही. चाखून मीठ घालणाऱ्या बायकांविषयी तिचं मत फारसं बरं नव्हतं आणि ते ती लपवतही नसे. मिठागराच्या गावात जन्मली, मिठागराच्याच गावात दिली, तेव्हा मिठाचं आपल्याला कोण काय शिकवणार, असा तिचा तोरा होता. तो तिला शोभायचा, हेही खरंच.

नवरा जगन्नाथ मिठागरावर मुकादम. उधाणाच्या दिवशी खाडीचं पाणी आत घ्यायचं ते उघाडीतून, म्हणजे बांधात बसवलेल्या लाकडी दारातून. ते दार कधी उचलायचं आणि कधी पाडायचं हे जगन्नाथच्या हाती. मोठा बोलका माणूस. बांधावरून चालत असला की त्याचा आवाज आधी यायचा आणि तो मागाहून. दोन मुली होत्या, दोघींची लग्नं होऊन त्या डहाणूकडे नांदत होत्या. घरात ही दोघंच, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. हे गावाला ठाऊक होतं, म्हणून गाव त्यांना चिडवायचंही.

एकोणीसशे एकावन्न सालच्या मोसमात होळीच्या सुमाराला जगन्नाथला बांध चढताना दम लागू लागला. वय झालं म्हणून त्याने हसण्यावारी नेलं. मग पाय सुजले. आधी घोटे, मग नडग्या, मग पोटही टरारून आलं. वहाणा पायांत जाईनात तेव्हा जयवंतीने त्याचं काही न ऐकता बैलगाडी सांगितली आणि त्याला पापडीला डॉक्टर प्लासिडकडे नेलं. प्लासिड ख्रिस्ती. एरवी त्या काळी त्यांच्या घरचं पाणी गावात कुणी घेत नसे, पण औषधाला विटाळ लागत नाही अशी सोय सगळ्यांनी मिळून करून ठेवली होती. आजारी माणसाच्या सोयीपुढे धर्म जरा सरकून बसतो, हे काही वसईतच घडतं असं नाही.

डॉक्टरने छाती तपासली, मग नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा. हृदय थकलंय, तो म्हणाला. गोळ्या दिल्या, लघवी सुटायचं पाऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला की औषध हे अर्धंच काम करेल, उरलेलं तुम्ही करायचं. मीठ बंद. कमी नाही, बंद.

ज्याच्या सात पिढ्या मिठावर जगल्या त्याला मीठ सोडायला सांगायचं म्हणजे काय, याची डॉक्टरला कल्पना असावी, कारण तो घाईने उठला नाही. जगन्नाथने विचारलं, हृदय थकलं तर मिठाचा त्यात काय गुन्हा? तेव्हा प्लासिडने काकडीपासून सुरुवात केली. काकडी चिरून मीठ भुरभुरवलं की तिला पाणी सुटतं, हे जयवंतीबाईंना माहीत आहे. ते पाणी कुठून येतं? काकडीच्या अंगातून. काकडीचं काय आणि माणसाचं काय, अंग बनलेलं असतं डोळ्यांना दिसणार नाहीत अशा लहान लहान कोठड्यांचं. त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीला एक पापुद्रा, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. पाण्याला त्यातून जायला-यायला मोकळीक असते. मिठाला आत थारा नाही. चुकून शिरलंच तर पेशी ते परत बाहेर टाकते. म्हणून अंगातलं मीठ राहतं रक्तात आणि पेशींच्या मधल्या जागेत, आणि जिथं ते साचेल तिथं पाणी त्याच्या मागून जातं. धडधाकट माणसाचं जास्तीचं मीठ लघवीतून निघून जातं. याचं हृदय थकलं, मूत्रपिंडाला जोर मिळेना, मीठ मागे राहतंय, आणि त्याच्या मागे आलेलं पाणी पायांत उतरलंय.

जगन्नाथने हे सगळं मान तिरकी करून, उधाणाचा अंदाज घ्यावा तसं ऐकलं. मग म्हणाला, "मंग त्या कोठडीच्या उघाडीवर बसलाय कोन? मीठ वलखून भायेर काडतो तो?"

डॉक्टर हसला. हेच कोडं तिकडे विलायतेत मोठमोठे लोक सोडवत बसलेत, म्हणाला. पेशीच्या पापुद्र्यात कसला तरी पंप असावा आणि तो रात्रंदिवस मीठ बाहेर फेकत असावा असा अंदाज आहे, पण अजून तो कुणाच्या हाती लागलेला नाही. जगन्नाथला ते फार आवडलं. आपल्या अंगात आपल्यासारखेच मुकादम बसलेत, असं तो गाडीत जयवंतीला सांगत होता.

पण उठण्याआधी डॉक्टरने पथ्य नीट समजावलं होतं. मीठ नाही, सुके बोंबील नाहीत, सुकट नाही, पापड नाही, लोणचं नाही. आणि शेवटी त्याने विचारलं होतं, घरचं पाणी गोडं आहे ना? दोघं एकदमच म्हणाली, गोडं आहे. त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. गावात पाणी दोन तऱ्हेचं. खाडीचं ते खारं आणि बावीचं, म्हणजे विहिरीचं, ते गोडं. पिण्याची ती बाव तर नावानेच गोडी बाव होती.

मग जयवंतीने घरात मिठाचा असा बंदोबस्त केला की विचारू नका. मिठाचं मडकं शेजारणीकडे गेलं. सुक्या मासळीची टोपली गेली. शेजारणी म्हणाल्या, कुणाची नजर लागली असेल, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. तर ही विचारात पडली की नुसतं ओवाळलेलं मीठ अंगात जात असेल काय, आणि शेवटी तिने मीठ वगळून नुसत्याच मोहऱ्या ओवाळल्या. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. ती हसली नाही. तिच्या लेखी ही हसण्याची गोष्टच नव्हती. नवरा हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जगन्नाथ जेवायला बसायचा तेव्हा मात्र तिला समोर बसवायचं नाही. पहिला घास तोंडात घालून तो नुसताच थांबायचा, जणू पुढचं काय करायचं ते विसरला. मग गिळायचा. गावभर जिच्या हाताची वाखाणणी, तिने आपल्याच माणसाला रोज अळणी वाढायचं, याचं तिला रडू यायचं. पण चिमूटभरही तिने घातलं नाही. शेंगा शिजवल्या त्या अळणी, भात अळणी, पेज अळणी.

इंजेक्शनाने सूज उतरली आणि थोड्या दिवसांत परत चढली. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा उतरली, पुन्हा चढली. चैत्र सरला. ऊन तापलं तसा जगन्नाथला तहान फार लागू लागली, आणि जितकं तो पाणी पिई तितका फुगे. आडवं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून तो पडवीतल्या खाटेवर उशांना टेकून बसल्या बसल्या झोपू लागला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरने नडगी दाबून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. कुठून तरी मीठ पोटात जातंय, तो म्हणाला. आधी त्याने जयवंतीकडे पाहिलं, मग जगन्नाथकडे. हे असंच चाललं तर गणपती दिसणार नाहीत, हे त्याने जयवंतीला बाजूला घेऊन सांगितलं.

आपण मीठ घातलेलं नाही हे जयवंतीला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा उरला कोण? संध्याकाळी जगन्नाथ काठी टेकत बांधापर्यंत जाऊन बसायचा, आणि तिथं चहूकडे मिठाच्या राशी. वाकलं की मूठभर हाती. माणूस लहान मुलासारखा हावरा होतो आजारपणात, हे तिने ऐकलेलं होतं. तिने त्याच्या बोटांचा वास घेऊन पाहिला. धोतराचं टोक झटकून पाहिलं. दोनदा तर ती त्याच्या मागे मागे गेली आणि राशीआड उभी राहिली. तो नुसता खाडीकडे बघत बसला होता. तिला वाटलं, आपली चाहूल लागली असेल. संशय एकदा आला की माणसाचं काही न करणंही त्यात धरलं जातं.

एके दुपारी तिचा बांध फुटला. तिने त्याला तोंडावर विचारलं.  जगन्नाथ काठी घेऊन उठला, शेजारच्या पडवीत गेला, आणि मूठभर मीठ घेऊन परत आला. मिठागरावरच्या माणसाला याहून मोठी शपथ नाही. खोटी घेतली तर हातचं आगर विरघळतं, असं मानणारी ती माणसं.

"मिठाची आन," तो म्हणाला, "मी मीठ खाल्लेलं नाय."

आणि जयवंती म्हणाली, "मीठ खाऊनशी मिठाची आन घेता?"

बोलून गेली. शब्द तोंडातून सुटला तेव्हाच तिला तो परत घ्यावासा वाटला, पण तिने घेतला नाही. जगन्नाथने मूठ उघडली, मीठ अंगणात सोडलं, आणि खाटेवर जाऊन बसला. त्या दिवसापासून त्या बोलक्या माणसाने जी गुळणी धरली ती धरलीच. बांधावर जाणंही त्याने बंद केलं. वाढलं ते खायचं, दिलं ते प्यायचं, आणि भिंतीकडे बघत बसायचं. सूज काही हटेना. ती मनात म्हणायची, बघा, घरात बसून पण खातोच आहे कुठून तरी.

सांडोरला हिल्डाच्या वाडीत मिठाची पाटी घेऊन जाणं हा जयवंतीचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मीठ द्यायचं आणि बदल्यात केळी, पडवळ, वांगी, विड्याची पानं जे असेल ते आणायचं. तीन मुलांची आई असलेली हिल्डा तिच्याच वयाची होती. दोघी वाडीतल्या पाटाच्या कडेला बसून सुखदुःखाचं बोलायच्या. हिल्डाच्या घरचं केळं जयवंतीला चालायचं, भाजी चालायची, हिच्या घरचं मीठ हिल्डाला चालायचं. पाणी मात्र नाही. ख्रिस्तांवाच्या विहिरीचं पाणी पोटात गेलं की धर्म गेला, असं जयवंतीच्या आजीने सांगितलेलं, आणि त्यात वाद नव्हता. हिल्डाने कधी विचारलंही नाही. जयवंती आली की ती गडीमाणसाकडून एक शहाळं काढून ठेवायची. शहाळ्याला कसला आलाय धर्म.

त्या वैशाखातल्या दिवशी जयवंती पोचली ती घामाने थबथबलेली आणि डोळे सुजलेली. पाटी उतरवली आणि तशीच मातीत बसली. नवरा चोरून मीठ खातोय, जिवावर उठलाय स्वतःच्या, आणि वर खोटी शपथ घेतो, हे सगळं तिने ओकून टाकलं. हिल्डाने ऐकून घेतलं. मग शहाळ्यासाठी उठली आणि तिच्या लक्षात आलं की नारळ उतरवणारा गडी आठवडाभर आलेलाच नाही. ती जरा वेळ तशीच उभी राहिली. मग आत गेली, घासलेल्या तांब्यात पाणी घेऊन आली, तो ओट्याच्या कडेला ठेवला, आणि केळीत काही काम असल्यासारखी पाठ फिरवून निघून गेली. घ्यायचं तर घे, मी बघत नाही, असं ते होतं. इतकी समजूत प्रत्येकाला असती तर किती बरं झालं असतं.

जयवंतीने तांब्याकडे पाहिलं. घसा कोरडा पडला होता. आजीची तिने मनातल्या मनात माफी मागितली आणि पाणी घशात ओतलं.

आणि तिने तोंड वाकडं केलं. पाण्याला चवच नव्हती. कसलीच नाही. पचपचीत, पांचट, काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं. केळीतून हिल्डा परत आली तेव्हा जयवंती हातातल्या तांब्यात बघत होती.

"हिल्डाबाय, तुजं पानी अळनी लागतंय गं."

हिल्डा हसायला लागली. पाण्यात कुणी मीठ घालतं का, असं काहीतरी म्हणाली. जयवंतीही हसली. हसता हसता तिचा चेहरा बदलला आणि तिने तांब्या खाली ठेवला. हिल्डाने विचारलं, काय झालं?  जयवंतीने पाटीतलं मीठ ओट्यावर उपडं केलं, पाटी बाजूला टाकली, हिल्डाकडून हंडा मागून घेतला, विहिरीवर जाऊन भरला, आणि भर उन्हात तो डोक्यावर घेऊन चालू लागली. केळी तशीच राहिली.

गावाच्या वेशीवर ती गोड्या बावीपाशी थांबली. कुणीतरी नुकताच पोहरा वर काढला होता. जन्मात काही न चाखणाऱ्या त्या बाईने ओंजळभर पाणी चाखलं. खारट होतं. समुद्राइतकं नव्हे, कालवणाइतकंही नव्हे, पण जिभेवर रेंगाळेल इतकं होतं, आणि वैशाखात बावीचा तळ दिसू लागला की ते वाढत असणार. त्या पाण्यात भात शिजत होता, त्या पाण्याची पेज होत होती, आणि तेच पाणी तो तहानेने घटाघटा पीत होता. ती वाढून देत होती. तिच्याच हाताने.

प्लासिडने पुढे तिला याचं कारण सांगितलं. आपल्या लाळेतही थोडं मीठ असतंच, आणि जीभ त्याला सरावलेली असते. जिभेला कळतं ते नेहमीपेक्षा जास्त असलेलं. जे रोजचं आहे ते तिला दिसतच नाही. म्हणून जन्मापासून खारं पाणी प्यायलेल्या गावाला ते गोडंच लागायचं, आणि गाव खोटंही बोलत नव्हतं. मी विचारलं होतं ना, असं डॉक्टर आधी जरा फणकाऱ्यानेच म्हणाला होता.  पण त्यानंतर तो रोग्यांना पाणी गोडं आहे का असं विचारत नसे. कुठल्या विहिरीचं, असं विचारी, आणि शंका आली तर घोटभर मागवून घेई.

घरी येऊन तिने जगन्नाथपुढे हंडा उतरवला. हे सांडोरच्या हिल्डाच्या विहिरीचं, तिने सांगितलं, लपवलं नाही. चालत नसेल तर तसं बोला. त्याने बोलायचं सोडलंच होतं. त्याने भांडं पुढे केलं आणि प्यायला.

हिल्डाच्या घरची भाजीची गाडी स्टेशनकडे जायची, तिच्यातून रोज दोन हंडे रेल्वेच्या फाटकापर्यंत येऊ लागले, आणि तिथून जयवंती ते डोक्यावर आणी. गावात कुजबुज झाली. धर्म बुडाला, असं बावीवर दोघीतिघींनी तिला ऐकवलं. तिने सांगितलं की बुडाला असेल तर माझा बुडाला, तुम्ही तुमचा बावीतून वर काढा. मग कुणी फार बोललं नाही. भात, पेज, पिणं, सगळं त्या पाण्यात. चौथ्या इंजेक्शनानंतर सूज उतरली ती परत चढली नाही. नडग्यांची हाडं दिसू लागली. जगन्नाथ आडवा होऊन झोपू लागला. पुढे तो चार वर्षं जगला, उघाडीवर नाही तरी बांधावर बसून माणसांना ओरडण्याइतका, आणि त्या चारही वर्षांत गोड्या बावीचं पाणी घरात आलं नाही.

पण त्या वैशाखाअखेर तो बरा होत असतानाही बोलत मात्र नव्हता. मोसम संपत आला होता. पावसाआधी मिठाच्या राशींवर माडाची झापं घालायचं काम चाललं होतं, आणि तो सकाळचा पडवीत बसून लांबून ते बघत होता. जयवंती त्याच्या पायाशी येऊन बसली. लग्न झाल्यापासून तिने कधी कुणाची क्षमा मागितली नव्हती, तेव्हा ती कशी मागतात हेही तिला नीट माहीत नव्हतं. मी तुमची आन खोटी धरली, एवढंच तिने म्हटलं. तुमी खरं बोलत होता. मिठागरावर जन्मून मना पाण्यातलं मीठ कळलं नाय, आणि मी तुमाला चोर केलं. बोलता बोलता ती रडू लागली.

जगन्नाथने राशींवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू एकलीच नाय. मी पन धरली."

तिला समजेना.

"तू खोटं बोलनार नाय. डाक्टर खोटं बोलनार नाय. मंग खोटा कोन? मीच," तो म्हणाला. "मना वाटाला लागलं, मी झोपंत उठून खातो न् मना म्हाईत नाय. म्हनून रोज निजताना हात खाटंला बांधून घ्यायचो. तू उठायच्या आदी सोडायचो."

जयवंतीने त्याचा हात आपल्या हातात घेतला. तो आता वाळला होता, शिरा वर आल्या होत्या. ती खूप वेळ त्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिली.

मग तिने विचारलं, एका हाताने गाठ कशी मारायचा.

"दातानी," तो म्हणाला.